हौशे, नवशे, गवशे

युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी जो छापील अर्ज भरावा लागतो, त्यात ‘प्रवासाचा हेतू’ असा एक रकाना आहे. पर्यटन, व्यवसाय, नातलगांची वा मित्रांची भेट, सांस्कृतिक कार्य, क्रीडा, शासकीय भेट, वैद्यकीय कारण, शिक्षण अशा चौकटी त्यात ओळीने मांडलेल्या असतात आणि आपण योग्य त्या चौकटीत खूण करायची असते. यादीच्या अखेरीस ‘अन्य’ अशी एक चौकट असून तिच्यापुढे खुलासा करण्यासाठी बोटभर जागा सोडलेली आहे. ‘यात्रा’ ही चौकट त्यात नाही. ज्या नगरीत संत पेत्र आणि संत पौल यांच्या कबरी आहेत, त्या रोमला जाणाऱ्यासाठीही नाही.

वाचकांना वाटेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला लिहायचा? अर्ज भरून देणाऱ्या तरुण मुलालाही तसेच वाटले. “बाई, पर्यटनावर खूण करा. सगळे तेच करतात,” असे तो म्हणाला. पण माझे पेन त्या रकान्यावर अडले, कारण गेले तीन महिने मी मिस्सेनंतर भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले होते, की आम्ही दोघे येत्या जानेवारीत रोमच्या यात्रेला निघालो आहोत. आता सरकारी कागदावर सहीनिशी मी काही वेगळेच लिहिणार होते. मग दोहोंपैकी खोटे कोणते?

आधी वस्तुस्थिती सांगते. आमची मुलगी दीड वर्षापासून जर्मनीत परिचारिका आहे. जानेवारीच्या अखेरीस तिला चार दिवसांची सलग सुटी मिळते. नाताळची गर्दी ओसरल्यावर रोममधील हॉटेलांचे दर उतरतात आणि विमानाची तिकिटेही त्या मानाने स्वस्त होतात. तिने तिकडून यावे, आम्ही मुंबईहून जावे आणि चार दिवस तिघांनी एकत्र राहावे, एवढीच मूळ कल्पना. आमच्या ह्यांची सारी नोकरी नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात गेली. देशभरातील पारपत्रांच्या पुस्तिका तेथे छापल्या जातात. दुसऱ्यांची पारपत्रे पाहत आयुष्य काढलेल्या ह्या माणसाच्या हाती स्वतःचे पारपत्र निवृत्तीनंतर सहा वर्षांनी पडले, तेव्हा त्यांनी त्यातील नाव पाहिले नाही, फोटो पाहिला नाही. आधी शिवण तपासली आणि मग कागद उजेडात धरला. “ठीक आहे,” एवढेच म्हणाले. त्या दोन शब्दांत किती वर्षांची हौस दडलेली होती, हे माझ्यावाचून कोणाला कळणार?

ह्या सगळ्याला साधा मराठी शब्द आहे : सहल. तो मी का वापरला नाही? प्रामाणिकपणे पाहिले तर कारण लाजेचे होते. आम्हा दोघांचा खर्च तीन लाखांच्या घरात जातो. त्याच महिन्यात आमच्या धर्मग्रामात एका लहान मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणीची यादी फिरली होती आणि तिच्यात आम्ही पाच हजार लिहिले होते. पाच हजार आणि तीन लाख हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की माणूस बेचैन होतो. मग ‘यात्रा’ हा शब्द मदतीला धावून येतो. यात्रेचा खर्च कोणी मोजत नाही. तो देवाच्या नावे पडतो. हिशेबाच्या वहीत एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात टाकावी, तसे मी केले होते.

‘ज्युबिली वर्षासाठी जातो आहोत,’ असे म्हणण्याचीही सोय उरलेली नव्हती. २४ डिसेंबर २०२४ रोजी उघडलेले संत पेत्र महामंदिराचे पवित्र द्वार ६ जानेवारी २०२६ रोजी बंद झाले. त्या वर्षात आम्ही गेलो नाही, कारण त्या वर्षात मुलीला सुटी नव्हती. यावरूनच खरे तर हेतूचा उलगडा व्हावयास हवा होता.

मी शाळेत इतिहास शिकवला आहे. अडचण आली की जुन्या काळात डोकावण्याची खोड अजून गेलेली नाही. पहिले ज्युबिली वर्ष पोप आठवे बोनिफेस यांनी १३०० साली घोषित केले. त्यासाठी घातलेली अट मोठी बोलकी आहे. रोमच्या रहिवाशांनी संत पेत्र व संत पौल यांच्या महामंदिरांना तीस दिवस भेट द्यायची आणि बाहेरगावच्या यात्रेकरूंनी पंधरा दिवस. रोज जायचे, रोज यायचे. बाहेरून येणाऱ्याला निम्मी सवलत, कारण त्याने वाट चालण्याचे कष्ट आधीच भोगलेले असतात. शिवाय जो जवळ राहतो त्याची दृष्टी सवयीने बोथट होते, म्हणून त्याला दुप्पट दिवस, असाही अर्थ मी माझ्यापुरता लावते. आपल्याकडे काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो जवळच्याचाच दोष. या हिशेबाने आमचे चार दिवस कोणत्याच यादीत बसत नाहीत. सातशे वर्षांपूर्वीच्या रोमने आम्हांला यात्रेकरू म्हणून मोजलेच नसते.

पण त्याही आधी, चौथ्या शतकात, यात्रेच्या मोलाविषयीच दोन मते होती. निस्साचे संत ग्रेगरी स्वतः जेरुसलेमला जाऊन आले आणि परतल्यावर त्यांनी एका पत्रात यात्रेच्या वेडाविरुद्ध लिहिले. जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. अंतःकरण दुष्ट विचारांनी भरलेले असेल तर माणूस पवित्र कबरीपाशी उभा राहूनही दूरच राहतो. आपल्या वारकरी संतांनीही तीर्थाला जाऊन मनाचा मळ न धुणाऱ्यांना असेच फटकारले आहे, हे वेगळे सांगायला नको. आणि नेमक्या त्याच सुमारास, इसवी सन ३८० नंतरच्या चार-पाच वर्षांत, युरोपच्या पश्चिम टोकाकडून एजेरिया नावाची एक स्त्री सिनाय, जेरुसलेम, एदेस्सा असा प्रवास करीत होती. तिच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित इटलीतील अरेझ्झो येथे १८८४ साली सापडले. ही बाई स्वतःला चौकस म्हणवून घेते. हा डोंगर कोणता, ती विहीर कोणाची, इथे कोणता पाठ वाचतात, उपासनेच्या वेळी लोक कसे उभे राहतात, सारे विचारते आणि लिहून ठेवते. ग्रेगरींचे पत्र वाचले की मान खाली जाते. एजेरियाविषयी वाचले की वाटते, हिला आमच्या घरी जेवायला बोलवावे.

तिच्या बाबतीत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिने जे लिहिले ते मागे राहिलेल्या भगिनींसाठी लिहिले. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी ती पाहत होती.

आता आपल्या भाषेकडे येऊ. यात्रा आणि जत्रा हे दोन शब्द मुळात एकच आहेत. त्यांचे सोवळे-ओवळे आपण नंतर केले. जुन्या लोकांनी जत्रेला येणाऱ्यांची जी वर्गवारी केली आहे तिच्याइतका नेमका विचार मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही : हौशे, नवशे आणि गवशे. कोणी हौसेने येतो, कोणी नवस फेडायला, तर कोणी काही गवसते का ते पाहायला. यांपैकी एकालाही जत्रेतून हाकलून द्यावे, असे ती म्हण सांगत नाही. तिघे मिळून जत्रा होते, एवढेच ती सांगते.

हरेगावची मतमाऊलीची यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्याच्या त्या गावी १९४९ पासून ८ सप्टेंबरच्या सुमारास आपला समाज लोटतो. लहानपणी आम्ही तेथे जात असू. आई नवस फेडायला जाई, वडील पाहुण्यांना भेटायला आणि आम्ही पोरे पाळण्यात बसायला. गर्दीत मतमाऊलीपुढे मेणबत्ती लावताना माझे अर्धे लक्ष बांगड्यांच्या दुकानाकडे असे. त्यामुळे माझी यात्रा बाद झाली, असे आईने कधी म्हटले नाही. तसे पाहिले तर पवित्र कुटुंबाची जेरुसलेमची यात्राही नातलगांच्या आणि ओळखीच्यांच्या घोळक्यातून झाली. बारा वर्षांचा येशू मागे राहिला हे आईबापांना दिवसभर समजले नाही, यावरूनच त्या घोळक्यात गप्पाटप्पा किती रंगल्या असतील याची कल्पना येते. (संत लूककृत शुभवर्तमानात गप्पांचा उल्लेख नाही; हा माझा तर्क.)

हरेगाव हे गरिबांचे, रोम पैसेवाल्यांचे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य आहे. चालत जाणाऱ्याची तोड विमानाने जाणाऱ्याला कधीच येणार नाही. आम्ही रोमला असू त्याच सुमारास, पौषाच्या कडाक्यात, संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी वारकऱ्यांच्या दिंड्या त्र्यंबकेश्वरची वाट चालत असतील. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो असे ते दिवस असतात. रोमची जानेवारी याहून फारशी कडक नाही. आमच्या अंगात मात्र मुलीने पाठवलेले लोकरीचे कोट असणार.

सहल म्हणायचे की यात्रा, हा निकाल मला लावता येईना, तेव्हा मी दोन्ही साधेल असा कार्यक्रम आखला. वहीत चार पाने केली. पहिल्या दिवशी संत पेत्र महामंदिर. दुसऱ्या दिवशी लॅटरनचे संत योहान, पवित्र क्रूस आणि संत लॉरेन्स. तिसऱ्या दिवशी संत पौल आणि संत सेबास्तियन. चौथ्या दिवशी पवित्र मरियेचे थोरले महामंदिर, जेथे पोप फ्रान्सिस यांना एप्रिल २०२५ मध्ये पुरले. अशी सात मंदिरे पुरी होतात. प्रत्येकाच्या पुढे वेळ लिहिली, बसचे क्रमांक लिहिले आणि मुलीला पाठवून दिले.

तिचा फोन रात्री उशिरा आला. ड्यूटी संपवून ती नुकतीच घरी आली होती.

“आई, कागद वाचला,” ती म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहिली. “तुम्ही दोघे जा सगळीकडे. मी एखाद्या चौकात उन्हात बसून राहीन. मला चार दिवस कुणाची नाडी बघायची नाही, घड्याळ बघायचं नाही. चालेल ना?”

मी म्हटले, “अगं, इतक्या लांब येऊन नुसतं बसायचं?”

“मी लांबच असते, आई.”

ह्या वाक्याला मला उत्तर सुचले नाही. वहीतील ती चार पाने मी भक्तीच्या नावाने आखली होती. प्रत्यक्षात ते माझ्या शाळेचे वेळापत्रक होते आणि त्यात एका थकलेल्या मुलीला मी तासामागून तास बसवले होते. यात्रेचे नाव घेऊन आपण दुसऱ्याचा विसावा किती सहज काढून घेतो! शब्बाथाचा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा मुळात विश्रांतीची आज्ञा आहे आणि ती दास-दासींना, जनावरांनाही लागू आहे. आपली मुले मात्र आपण त्यातून वगळतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी विनोद आणि खेळ यांविषयी लिहिताना एक जुनी कथा सांगितली आहे. संत योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळत बसलेले पाहून कोणाला तरी ते खटकले. तेव्हा योहानांनी त्यांतल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडल्यावर विचारले, असे तुला सारखे करता येईल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी सांगितले. अक्वायनस यावरून विश्रांतीला गरज म्हणून सूट देऊन थांबत नाहीत. नीट खेळता येणे, नीट विसावता येणे, हा एक सद्गुण आहे असे ते मानतात आणि सदोदित आंबट तोंड करून दुसऱ्याच्या आनंदात विरजण घालणाऱ्याला ते दोष देतात. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने हे लिहून ठेवले नसते तर मला ते पटायला जड गेले असते.

आणि मी ज्या सात मंदिरांची यादी केली होती तिचा इतिहासही मी अर्धाच वाचलेला होता. ही सात मंदिरांची फेरी सोळाव्या शतकात संत फिलीप नेरी यांनी पुन्हा लोकप्रिय केली. कार्निव्हलच्या दिवसांत रोम धिंगाण्यात बुडालेले असताना ते लोकांना घेऊन गात गात निघत. वीसएक किलोमीटरची ती वाट. मध्येच एका बागेत सारे थांबत आणि भाकरी, चीज, अंडी, फळे, थोडा द्राक्षारस असे वनभोजन होई, संगीत होई. रोमचा प्रेषित म्हणून ज्यांना गौरवतात त्या संताने यात्रेच्या मधोमध सहल घातली होती. माझ्या वहीत वनभोजनाला जागा नव्हती.

तर मग हौस निर्दोष ठरली काय? इतक्या लवकर मी सुटणार नाही. दोष आहेच, पण मी शोधत होते तेथे तो नव्हता. रोममध्ये पँथिऑन नावाची प्राचीन वास्तू आहे. मुळात ते रोमन देवांचे मंदिर, सातव्या शतकापासून हुतात्म्यांचे चर्च. जुलै २०२३ पासून पर्यटकांना तेथे तिकीट लागू झाले, तेव्हा ते पाच युरो ठेवण्यात आले. मिस्सेला येणाऱ्याला तिकीट नाही. म्हणजे एकाच दारावर हेतू विचारला जातो आणि त्यावर पैसे ठरतात. पाच युरो वाचवण्यासाठी मिस्सेला आलो आहे असे म्हणून आत शिरणारा आणि तीन लाखांची लाज झाकण्यासाठी यात्रा म्हणणारी मी, यांत फरक रकमेचा आहे. उलट बाजूही पाहा. त्रेवीच्या कारंज्यात पाठमोरे उभे राहून नाणे टाकले की माणूस रोमला परत येतो, अशी एक भाबडी समजूत आहे. तेथे नाणी टाकणाऱ्यांत भक्तीचा लवलेश नसतो. ती नाणी गोळा होतात आणि गेली वीसहून अधिक वर्षे रोमच्या कॅरितास संस्थेकडे गरिबांसाठी जातात. हौशाचे नाणे भुकेल्याच्या ताटात पडते आणि नवशाची पाच हजारांची वर्गणी तिथेच थांबते. आम्ही त्या यादीत नंतर भर घातली. किती, ते सांगण्यात अर्थ नाही. आणि त्याने तीन लाखांचे समर्थन होते असेही मी म्हणणार नाही. ते होत नाही. आम्ही हा खर्च मुलीच्या सहवासासाठी आणि स्वतःच्या आनंदासाठी करीत आहोत, इतके म्हणता येते.

गवशांविषयीही बोलले पाहिजे, कारण तीही माझ्यात आहेच. ‘रोमला जाऊन आल्या’ असे लोकांनी म्हणावे, तेथून आणलेल्या जपमाळा वाटताना हात जरा उंच असावा, हे गवसणे मला हवे होते. यात्रा या शब्दाला जो मान मिळतो तो मी आगाऊ उचलला होता.

तारखांविषयी एक सांगायचे राहिले. सर्वांत स्वस्त तिकिटे फेब्रुवारीतील होती, पण ती नाशिकरोडच्या बाळ येशूच्या सणावर येत होती. त्या दिवसांत मुंबई-वसईपासून गोव्यापर्यंतचे भाविक आपल्या गावी येतात आणि आमच्या दोन खोल्यांत दरवर्षी दहा-बारा अंथरुणे पडतात. रोमला पाहुणे व्हायचे आणि आपल्या दारी आलेल्या यात्रेकरूला कुलूप दाखवायचे, हे ह्यांना पटेना. म्हणून जास्तीचे पैसे मोजून जानेवारी धरला. मुलीनेही तिकडे विनवण्या करून पाळी बदलून घेतली.

ह्या बाळ येशूवरूनच शेवटची गोष्ट घडली. आमच्या शेजारच्या मावशी सत्तरी ओलांडलेल्या. हरेगावला त्या अनेकदा पायी गेल्या आहेत. मी त्यांना कधीतरी सांगितले होते, की रोमलाही बाळ येशू आहे. कॅपिटोल टेकडीवर, एकशे चोवीस पायऱ्या चढून गेल्यावर आराचेली नावाचे चर्च लागते. तेथील बाळ येशूची लाकडी मूर्ती गेथसेमनीच्या बागेतील जैतुनाच्या लाकडाची होती, अशी श्रद्धा आहे. नाताळात ती गव्हाणीत ठेवत, एरवी तिच्या छोट्या चॅपेलात असे. जगभरची मुले तिला पत्रे लिहीत. मावशींनी हे लक्षात ठेवले आणि एके दिवशी चतकोर कागद घेऊन आल्या. त्यावर कोणाकडून तरी लिहून घेतलेले एक नाव आणि एक तारीख होती. त्यांचा धाकटा मुलगा त्या तारखेला गेला. “तिथं वाचा,” त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मला कळले होते, की ती मूर्ती फेब्रुवारी १९९४ मध्ये चोरीस गेली आणि आजवर सापडलेली नाही. तेथे आता प्रतिकृती आहे. शिवाय, यात्रा म्हणण्याचे मी आता सोडले होते. दोन्ही गोष्टी लपवून तो कागद घेणे मला जमेना.

“मावशी, आम्ही यात्रेला नाही, सहलीला चाललोय,” मी म्हटले. “आणि तिथली मूर्ती मूळची नाही. मूळची चोरांनी नेली.”

मावशींनी माझ्याकडे जरा नवलानेच पाहिले.

“आपलाबी कुठं मूळचा हाय, बाई?” त्या म्हणाल्या. “परागचा ना तो?”

प्रागच्या मूर्तीची भक्ती जगभर गेली आणि आपल्या नाशिकरोडला रुजली, हे त्यांना प्रवचनातून ठाऊक होते. मूर्तीला दिलेला मान मुळापर्यंत पोहोचतो, असे इसवी सन ७८७ च्या निकेया परिषदेने ठरवले, ते मी शिकवलेले होते. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

“आणि सहलीच्या पिशवीत कागुद मावत नाही का?” असे म्हणून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

अर्ज मी दुसऱ्या दिवशी पुरा केला. पर्यटन ह्या चौकटीत खूण केली. वहीतील चार पाने फाडून टाकली आणि नव्या पानावर दोनच ओळी लिहिल्या : २५ जानेवारीला, संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणादिवशी, त्यांच्या महामंदिरात संध्याप्रार्थना, आणि एका सकाळी, ह्यांचे गुडघे जसे साथ देतील तशा, आराचेलीच्या पायऱ्या. मावशींचा कागद ह्यांनी पारपत्राच्या पुस्तिकेत घालायला घेतला, पण पुन्हा काढला. शिवणीवर ताण येतो म्हणाले. आता तो माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.